पीक पाहणीचे अ‍ॅप अद्ययावत करताना येणाऱ्या अडचणी व त्यांचे निवारण

शेतात पीक उभे असणे ही एक गोष्ट, आणि तेच पीक सरकारी दप्तरात उभे असणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली पाऊस, बियाणे व मेहनत यांवर अवलंबून असते; दुसरी अलीकडे हातातील मोबाइलवर अवलंबून राहू लागली आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा कार्यक्रम सर्वत्र सुरू झाला, आणि गाव नमुना १२ मधील पिकांची नोंद खातेदाराने स्वतः आपल्या मोबाइलवरून करावी असे ठरले. त्यानंतर १ ऑगस्ट २०२२ रोजी ह्या अ‍ॅपची दुसरी आवृत्ती आली. पुढे केंद्र सरकारच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेले ‘ई-पीक पाहणी डीसीएस’ हे अ‍ॅप आले, आणि २०२५ च्या खरिपासाठी त्याची ४.०.० ही आवृत्ती घ्यावी लागली. सारांश, जवळजवळ प्रत्येक हंगामाच्या तोंडाशी खातेदारास प्रथम अ‍ॅप अद्ययावत करावे लागते, व मगच पिकाची नोंद करता येते.

बोलीत ज्यास आपण ‘अपडेट मारणे’ म्हणतो, त्या पहिल्याच पायरीवर पुष्कळ बांधव अडतात. कोणाचे अ‍ॅप अर्ध्यावर थांबते, कोणास फोनात जागा नाही असा निरोप येतो, कोणाचे अ‍ॅप अद्ययावत होऊनही उघडत नाही. मग ‘मोबाइल बिघडला’ किंवा ‘सरकारचेच बंद आहे’ असे म्हणून काम उद्यावर टाकले जाते, आणि मुदत निघून जाते. वास्तविक ह्यातील बहुतेक अडचणी घरच्या घरी दूर होण्यासारख्या आहेत. त्या कशा ओळखाव्या, कोणत्या क्रमाने दूर कराव्या, आणि विशेषतः कोणती गोष्ट चुकूनही करू नये, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचे योजिले आहे.

१. नोंद न झाल्यास काय होते

जुन्या मध्यप्रांतात पटवारी गिरदावरी करून खसऱ्यात पिके मांडीत असे. पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, आणि तलाठ्याने शेतावर जाऊन पीक पाहावे व गाव नमुना १२ भरावा अशी वहिवाट चालत राहिली. त्या काळी नोंदीत कसूर झाल्यास ‘तलाठी आलाच नाही’ असे म्हणण्यास खातेदारास जागा होती. आता लेखणी खातेदाराच्या हाती दिली गेली आहे. त्याबरोबर कोऱ्या रकान्याची जबाबदारीही बरीचशी त्याच्याकडे आली आहे.

चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत ह्या नोंदीस विशेष मोल आहे. आपले मुख्य पीक धान. आधारभूत किमतीच्या केंद्रावर धान घालावयाचे तर सातबाऱ्यावर धानाची नोंद पाहिली जाते. २०२५-२६ च्या हंगामास साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरली. २०२४-२५ च्या हंगामाकरिता राज्य शासनाने धान उत्पादकांस हेक्टरी २०,००० रुपये प्रोत्साहनपर रक्कम दोन हेक्टरांच्या मर्यादेत जाहीर केली होती. म्हणजे दोन हेक्टरांच्या धन्यास ४०,००० रुपये. अशा रकमेचा हिशेब धानाखालील क्षेत्रावर होतो, आणि ते क्षेत्र कचेरीस कागदावरूनच कळते. वैनगंगेचे पाणी बांध्यांत शिरून पीक सडले, किंवा पीकविम्याचा दावा करण्याची वेळ आली, तरी विचारणा हीच होते की शेतात पीक कोणते होते. नमुना बाराचा रकाना कोरा असेल, तर नुकसानीचे दुःख खरे असूनही ते कागदावर दाखविता येत नाही. कागद जेवढे बोलतो, तेवढेच कचेरीस ऐकू येते.

म्हणून अ‍ॅप अद्ययावत करणे हे मुलांच्या मोबाइलच्या खेळापैकी नव्हे. ते शेतीच्या कामांपैकीच एक काम समजावे.

२. अपडेट म्हणजे काय

कचेरीत एखाद्या अर्जाचा नवा छापील नमुना आला की जुन्या नमुन्यावरील अर्ज परत केला जातो. अर्जदार खरा असतो, मजकूर खरा असतो, पण रकाने जुळत नाहीत. अ‍ॅपचेही तसेच आहे. पिकांच्या यादीत भर पडते, गटांचे नकाशे जोडले जातात, छायाचित्रासंबंधीचे नियम बदलतात. सरकारी सर्व्हर नव्या रकान्यांप्रमाणे माहिती मागू लागला म्हणजे जुन्या अ‍ॅपने पाठविलेली माहिती तो घेत नाही. जुन्या आवृत्तीच्या जागी नवी आवृत्ती बसविणे ह्यासच अपडेट म्हणतात, आणि अ‍ॅन्ड्रॉइड फोनांत हे काम प्ले स्टोअर करते.

ह्या व्यवहारात तीन ठिकाणे येतात: पहिले आपला फोन व त्याची रेंज, दुसरे प्ले स्टोअर, आणि तिसरे सरकारी सर्व्हर. मामा तलावाचे पाणी शेवटच्या बांधीत पोचले नाही तर जाणता शेतकरी आधी तलावाचे तोंड पाहतो, मग पाट पाहतो, मग आपला धुरा पाहतो; एकदम सर्व धुरे फोडीत सुटत नाही. येथेही हाच क्रम ठेवावा. त्याकरिता तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: फोनवर दुसरे काही इंटरनेटवरील पान उघडते काय? उघडत नसेल तर दोष रेंजचा किंवा रिचार्जचा आहे. अ‍ॅपच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न: प्ले स्टोअरवरून दुसरे एखादे लहानसे अ‍ॅप अद्ययावत होते काय? होत नसेल तर दोष प्ले स्टोअरचा, फोनमधील जागेचा किंवा तारखेचा आहे.

तिसरा प्रश्न: शेजाऱ्याच्या फोनवर पीक पाहणीचे अ‍ॅप ह्या घटकेस चालते काय? त्याचेही चालत नसेल, तर बहुधा सर्व्हरवर गर्दी आहे, आणि आपल्या फोनशी खटपट करणे व्यर्थ आहे.

३. अपडेटपूर्वी घ्यावयाची खबरदारी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, शेतात रेंज नसताना भरलेली माहिती सर्व्हरवर गेलेली नसते. ती फोनमध्येच साठून राहते आणि रेंज मिळाल्यावर अपलोड करावी लागते. तोपर्यंत ती केवळ आपल्या खिशात आहे, दप्तरात नाही. तेव्हा अ‍ॅपला हात लावण्यापूर्वी प्रथम पाहावे की अपलोड करावयाचे काही शिल्लक राहिले आहे काय. राहिले असल्यास रेंजच्या जागी जाऊन ते आधी पाठवावे, आणि पाठविल्याची खूण पडद्यावर दिसल्यावरच पुढील कामास लागावे.

अपडेट केल्याने जुनी माहिती सहसा पुसली जात नाही. परंतु अ‍ॅप काढून टाकून पुन्हा नव्याने घेतल्यास न पाठविलेली माहिती निश्चित जाते. घरातील शिकलेला मुलगा ‘काढून पुन्हा टाकू, लवकर होईल’ असे म्हणतो, आणि त्याचा उपाय पुष्कळदा लागूही पडतो. पण दोन-तीन गटांची छायाचित्रांसह केलेली नोंद त्यात नाहीशी होते. अ‍ॅप चालू झालेले दिसते, म्हणून काही हरवले आहे अशी शंकाही येत नाही. ते कळते पुढे धान घेऊन केंद्रावर गेल्यावर, जेव्हा मुदत संपलेली असते. यास्तव ‘आधी अपलोड, मग अपडेट’ हा नियम घरातील प्रत्येकास सांगून ठेवावा.

४. नेहमीच्या अडचणी व उपाय

(अ) ‘अपडेट करा’ हे बटण दिसत नाही. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या नावापुढे केवळ ‘उघडा’ असे दिसत असेल, तर बहुधा आपली आवृत्ती नवीच आहे. खात्री करण्यासाठी अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरावे व अ‍ॅपची माहिती उघडावी. तेथे खाली आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो गावातील अद्ययावत फोनवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. नवी आवृत्ती सर्व फोनांवर एकाच क्षणी दिसेल असेही नाही. काही वेळा ती टप्प्याटप्प्याने सोडली जाते. अशा वेळी प्ले स्टोअर बंद करून पुन्हा उघडावे, न दिसल्यास एक दिवस थांबावे. दुसरे कारण असे की, काही फोनांत पहिल्या वर्षांचे जुने अ‍ॅप तसेच पडून असते. त्यास अपडेट शोधीत बसू नये. प्ले स्टोअरवर ‘ई-पीक पाहणी डीसीएस’ असे शोधून चालू अ‍ॅप घ्यावे. जुन्यात काही शिल्लक माहिती असल्यास आधी ग्राम महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यास, विचारावे.

(आ) ‘प्रलंबित’ असे लिहून येते व पुढे काही होत नाही. ह्याची कारणे दोन. एक म्हणजे इतर अ‍ॅपची अपडेटे आधीपासून रांगेत उभी असतात. ती रांग उघडून बाकीची थांबवावीत व आपले एकच चालू ठेवावे. दुसरे कारण असे की, बहुतेक फोनांत अ‍ॅप आपोआप अद्ययावत होण्याची मूळ योजना केवळ वायफायवर असते. शहरातील घरात वायफाय असते म्हणून तेथील अ‍ॅप मालकाच्या नकळत नवी होतात. आपल्या खेड्यांत वायफाय नसल्याने ती वर्षानुवर्षे तशीच राहतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये नेटवर्कविषयीच्या भागात जाऊन ‘कोणत्याही नेटवर्कवर’ हा पर्याय निवडावा. तेही न जमल्यास शेजाऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट घ्यावा. आपला फोन त्यास बहुधा वायफायच समजतो.

(इ) जागा अपुरी आहे. नवी आवृत्ती बसविताना फोनास तिच्या आकाराहून अधिक मोकळी जागा लागते, कारण आणलेला माल उलगडून मांडावा लागतो. निदान एक जीबी जागा मोकळी असावी. जागा मोकळी करताना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चित्रे व चलच्चित्रे, सणासुदीचे निरोप आणि न वापरलेली अ‍ॅप प्रथम काढावीत. पीक पाहणीच्या अ‍ॅपला ह्या कामात हात लावू नये. तसेच शेताची व पिकाची छायाचित्रे जपून ठेवावीत. ती पुढे पुराव्यास उपयोगी पडतात.

(ई) डाउनलोड अर्ध्यावर थांबते. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा, कोरची किंवा जिवती ह्या भागांतील बांधवांस ह्याचे कारण सांगावयास नको. टॉवर दूर, मध्ये डोंगर व जंगल, त्यात वीज गेली की टॉवरही मुका होतो. पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता बंद होतो, मग तालुक्याच्या गावी जाऊन रेंज घेण्याचीही सोय राहत नाही. अशा ठिकाणच्या खातेदारांनी बाजाराच्या दिवशी किंवा अन्य कामासाठी मोठ्या गावी गेल्यावर तेथेच अपडेट उरकून घ्यावे. अर्ध्यावर थांबलेले डाउनलोड रेंज आल्यावर बहुधा तेथूनच पुढे चालू होते. वारंवार रद्द केल्यास मात्र प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात होते व रिचार्जचा डेटा फुकट जातो. पहाटे व रात्री उशिरा टॉवरवर गर्दी कमी असते, ती वेळ साधावी.

(उ) प्ले स्टोअरच अडून बसते. येथे उपाय सौम्याकडून कडकाकडे न्यावेत. प्रथम प्ले स्टोअर बंद करून उघडावे. मग फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. एवढ्यानेच पुष्कळ अडचणी सुटतात. तिसरे, फोनची तारीख व वेळ पाहावी. बॅटरी पुष्कळ दिवस उतरलेली राहिल्यास काही फोनांची तारीख मागे जाते. सर्व्हरशी बोलताना फोन त्याचा दाखला तपासतो, व त्या दाखल्यास मुदत असते. फोनची तारीख चुकीची असल्यास खरा दाखलाही त्यास मुदतीबाहेरचा वाटतो आणि तो संबंध तोडतो. सेटिंगमध्ये तारीख व वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवला की हा दोष जातो. चौथे, फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या यादीतून प्ले स्टोअर निवडून त्याचा कॅशे साफ करावा. तरीही न झाल्यास त्याचा डेटा साफ करावा.

येथे एक इशारा अगत्याने देणे जरूर आहे. कॅशे म्हणजे कामाच्या सोयीसाठी बाजूस ठेवलेली तात्पुरती टाचणे. ती फेकल्याने काही बिघडत नाही. डेटा म्हणजे त्या अ‍ॅपचे स्वतःचे दप्तर. प्ले स्टोअरचे दप्तर साफ केले तरी आपले नुकसान होत नाही, कारण त्यात आपली नोंद नसते. पण तेच बटण पीक पाहणीच्या अ‍ॅपवर दाबले, तर न पाठविलेली सर्व माहिती पुसली जाते. बटण एकच, नाव एकच. पण कोणत्या अ‍ॅपच्या पानावर आपण उभे आहोत, हे वाचल्याशिवाय ते दाबू नये.

(ऊ) प्ले स्टोअर खाते मागते. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने गूगलचे खाते काढून दिलेले असते, आणि त्याचा पासवर्ड कोणास ठाऊक नसतो. फोन चालू आहे तोवर हे लक्षात येत नाही. खात्याचे नाव व पासवर्ड जमिनीच्या कागदपत्रांबरोबर घरातील वहीत लिहून ठेवावा, आणि तो बाहेरच्या कोणासही सांगू नये.

(ए) ‘हे अ‍ॅप आपल्या उपकरणास जुळत नाही.’ हा निरोप आल्यास फोन जुना झाला असे समजावे. फोनचे स्वतःचे सिस्टिम अपडेट मिळत असेल तर ते करून पाहावे. न मिळाल्यास त्या फोनवर अधिक वेळ घालवू नये. त्यासाठी नवा फोन घेण्याचेही कारण नाही, कारण एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून आपले खाते निवडून काम भागवावे.

५. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल कदापि घेऊ नये

अपडेट होत नाही असे पाहून कोणी गटावर फाइल टाकतो आणि ‘ही घ्या, लगेच चालते’ असे सांगतो. अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. अ‍ॅन्ड्रॉइडची रचना अशी आहे की, अ‍ॅपवर त्याच्या कर्त्याची गुप्त सही असते, आणि जुन्या अ‍ॅपवरील सहीशी नव्याची सही जुळली तरच ते जुन्याच्या जागी बसते. सही न जुळल्यास ‘अ‍ॅप इन्स्टॉल झाले नाही’ असा निरोप येतो. हा फोनचा दोष नसून पहारेकऱ्याने चोरास दारात अडविल्यासारखे आहे. अशा वेळी ‘आधीचे काढून टाका, मग बसेल’ असा सल्ला मिळाला, तर तो सर्वांत घातक समजावा: त्यात जुनी नोंदही जाते आणि परक्यास घरात प्रवेशही मिळतो. पीएम किसानच्या नावाने अशा बनावट फाइली पाठवून लोकांच्या बँक खात्यांतील पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. सबब अ‍ॅप घ्यावयाचे ते प्ले स्टोअरवरूनच. ओटीपी विचारणाऱ्या परक्या माणसाचा फोन आल्यास तो कोणत्याही कचेरीचे नाव सांगो, त्यास ओटीपी देऊ नये.

६. अपडेट झाले, तरी काम चालत नाही

नवी आवृत्ती बसल्यावर अ‍ॅप पुन्हा कॅमेऱ्याची व स्थानाची परवानगी मागू शकते. घाईत ‘नकार द्या’ असे दाबले गेल्यास पुढे छायाचित्र निघत नाही किंवा आपण शेताबाहेर आहोत असे अ‍ॅप म्हणते. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या परवानग्या उघडून दोन्ही चालू कराव्या व फोनचे लोकेशन सुरू ठेवावे. स्थान हे उपग्रहांवरून कळते. त्यास मोबाइलची रेंज लागतेच असे नाही. मात्र वर आकाश मोकळे असावे लागते. सागाच्या किंवा मोहाच्या दाट छायेत उभे राहिल्यास स्थान सरकलेले दिसते. म्हणून बांधीच्या मध्यभागी, उघड्यावर, दोन-चार मिनिटे स्थिर उभे राहून मगच छायाचित्र घ्यावे.

चार अंकी सांकेतांक विसरला असल्यास अ‍ॅपमध्येच त्याची सोय असते. खातेदाराचे नाव दिसत नसल्यास जिल्हा, तालुका व गाव बरोबर निवडले आहे ना हे पाहावे. एकाच नावाची गावे एकाच जिल्ह्यातही असतात. नाव लिहून सापडत नसेल तर गट क्रमांकाने किंवा खाते क्रमांकाने शोधावे. नावातील एका वेलांटीने शोध फसतो, अंक मात्र फसवीत नाहीत.

ह्याउपरही पडद्यावर चक्र फिरत राहिले व शेजाऱ्याचीही तीच गत असेल, तर अडचण सर्व्हरची आहे. मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात सर्व महाराष्ट्र एकाच दारात उभा असतो. २०२५ च्या खरिपात शेतकऱ्यांनी स्वतः नोंद करण्याची मुदत १ ऑगस्टपासून १४ सप्टेंबरपर्यंत होती, व ती पुढे वाढविण्यात आली. पण मुदत वाढेलच असे धरून चालणे हा शहाणपणा नव्हे. ह्या वेळी अ‍ॅप काढणे, डेटा पुसणे, फोन बदलणे यांपैकी काहीही करू नये. माहिती भरून ठेवावी आणि रात्री किंवा पहाटे अपलोड करावी.

नोंद गेल्यावरही एकदा पाहून घ्यावी. दुसऱ्या आवृत्तीपासून खातेदारास आपली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची सवलत मिळाली. म्हणून पीक, क्षेत्र व सिंचनाचे साधन त्याच दिवशी पुन्हा वाचावे. धानाऐवजी वरच्या ओळीतील दुसरेच पीक निवडले जाणे सहज शक्य असते.

७. सर्व उपाय थकल्यास

खातेदारांच्या मुदतीनंतर गावासाठी नेमलेल्या सहायकामार्फत राहिलेल्या गटांची पाहणी करण्याची योजना आहे. तरी ‘सहायक येईल’ एवढ्यावर विसंबून स्वस्थ बसू नये. अपडेट करण्याचा प्रयत्न केल्याची तारीख, वेळ व पडद्यावर आलेला निरोप वहीत लिहून ठेवावा. त्या निरोपाचा स्क्रीनशॉट काढावा. आणि मुदत संपण्यापूर्वीच ग्राम महसूल अधिकाऱ्यास साधा लेखी अर्ज द्यावा: गाव, खाते क्रमांक, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, अडचण कोणती व केव्हापासून, एवढा मजकूर पुरे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेण्यास विसरू नये. तोंडी केलेली तक्रार त्या दिवसापुरती असते. पोच घेतलेला अर्ज दप्तरात राहतो, आणि पुढे तहसील कार्यालयात दाद मागताना त्याच्याच आधारावर उभे राहता येते.

८. कामाचे वेळापत्रक

आपल्याकडे पऱ्हे टाकणे, चिखलणी व रोवणी यांत जुलै व ऑगस्टचा पुष्कळ भाग जातो. हात चिखलात असतात, फोन घरी असतो, आणि रोवणीस बायामाणसे मिळण्याची चिंता असते. म्हणून फोनातील जागा मोकळी करणे, तारीख तपासणे, खात्याचा पासवर्ड लिहून ठेवणे ही तयारी पावसापूर्वीच करावी. नवी आवृत्ती जाहीर झाल्याबरोबर पहिल्या आठवड्यात अपडेट घ्यावे, आणि रोवणी आटोपून निंदणास हात घालण्यापूर्वी नोंद पुरी करावी. रब्बीत लाखोळी, हरभरा, जवस ह्या पिकांचीही नोंद करावयाची असते. २०२४ च्या रब्बीची पाहणी १ डिसेंबरपासून सुरू झाली होती. धानाची चुरणी आणि केंद्रावरील फेऱ्या ह्यांच्या गर्दीत ती नोंद राहून जाते, हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येक गावात मोबाइलचे ज्ञान असलेले दोन-चार तरुण असतातच. त्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या ओसरीवर बसून वडीलधाऱ्या खातेदारांचे, विधवा भगिनींचे व जुने फोन असणाऱ्यांचे अ‍ॅप अद्ययावत करून द्यावे. एकाने वही घेऊन गट क्रमांकापुढे ‘अपडेट झाले’, ‘नोंद गेली’, ‘अडचण’ असे तीन रकाने मांडावे. महिनाअखेरीस त्या वहीत कोणाचा रकाना कोरा राहिला हे दिसले, म्हणजे सातबाऱ्यावर तो कोरा राहण्यापूर्वीच त्या घराचे दार ठोठावता येईल.